इलेक्ट्रॉन कुणी पाहिला?



गोष्ट दोन वर्षांपूर्वीची आहे. आमच्या शाळेतील विज्ञानाचे शिक्षक रजेवर होते आणि आठवीच्या वर्गावर बदली तासासाठी मला पाठविण्यात आले. मी बी.ए., बी.एड.; माझा विषय इतिहास. बदली तासाला मुलांना पुस्तक वाचावयास सांगावे आणि आपण वह्या तपासत बसावे, हा आम्हा शिक्षकांचा जुना रिवाज. त्या दिवशी अणूच्या पाठाचे वाचन चालले होते. मधल्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, इलेक्ट्रॉन फिरतो असं पुस्तकात लिहिलंय. पण तो कुणी पाहिलाय का?"

मी वहीवरून नजर न उचलता म्हणालो, "हा प्रश्न परीक्षेत येत नाही. बस खाली."

मुलगी खाली बसली. तिचा प्रश्न मात्र माझ्या मनात उभाच राहिला. इतिहासाच्या शिक्षकाने असे उत्तर द्यावे याची मला अधिक लाज वाटते. कारण "हे कुणी पाहिले? केव्हा पाहिले? कशावरून?" हाच तर इतिहासाचा पहिला धडा. शिवकालीन बखरीला आम्ही जो प्रश्न विचारतो, तोच त्या मुलीने अणूला विचारला होता. आज ती दहावीत आहे. तिला द्यावयाचे राहून गेलेले उत्तर मी पुस्तके चाळून, विज्ञानाच्या सहकारी शिक्षकांना पुन्हा पुन्हा त्रास देऊन गोळा केले आहे. ते स्मरणिकेच्या निमित्ताने आपणा सर्वांपुढे ठेवतो.

सुरुवात आपल्या ओळखीच्या वस्तूपासून करू. वार्षिक खेळांच्या वेळी काढलेले धावण्याच्या शर्यतीचे एखादे जुने छायाचित्र नीट पाहा. मैदान, झाडे, टाळ्या वाजविणारे पाहुणे स्पष्ट दिसतात; पण धावणाऱ्या मुलांचे पाय पुसट आलेले असतात. कारण साधे आहे. कॅमेऱ्याचे शटर जेवढा वेळ उघडे होते, तेवढ्या वेळात पाय पुढे निघून गेला. वेगवान वस्तू स्पष्ट टिपावयाची तर शटर त्याहूनही थोडा वेळ उघडे राहिले पाहिजे. वाचकहो, एवढा एक नियम ध्यानात ठेवा. पुढचा सर्व इतिहास या एका नियमाचा इतिहास आहे.

घोडा भरधाव धावताना त्याचे चारही पाय एकाच वेळी जमिनीवरून सुटतात काय, यावर एकोणिसाव्या शतकात मोठा वाद होता. डोळ्यांना ते दिसत नव्हते. १८७८ साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात पालो आल्टो येथे एडवर्ड मायब्रिज या छायाचित्रकाराने शर्यतीच्या वाटेलगत ओळीने कॅमेरे मांडले. वाटेवर आडवे धागे ताणले. घोडा धावत येई, धागा तुटे आणि त्या धाग्याला जोडलेला कॅमेरा चित्र घेई. चित्रांवरून दिसले की चारही पाय खरोखरच जमीन सोडतात. पण चित्रकार दाखवीत तसे पुढे-मागे ताणलेले असताना नव्हे, तर पोटाखाली गोळा झालेले असताना. शतकानुशतके माणूस घोड्यावर बसला; पण घोडा कसा धावतो हे त्याला तेव्हा कळले.

शटर कितीही चपळ केले तरी त्याला मर्यादा असते. म्हणून दुसरी युक्ती निघाली. पावसाळ्यातल्या काळोख्या रात्री वीज चमकते तेव्हा काय दिसते ते आठवा. पळणारा माणूस जागच्या जागी थबकल्यासारखा वाटतो. पागोळीचे थेंब हवेत लटकलेले दिसतात. अंधारात प्रकाशाचा एक क्षणिक झोत टाकला, की शटरची गरज उरत नाही. झोत जितका अल्प, तितके चित्र स्पष्ट.

हीच युक्ती रसायनशास्त्रात आणली ती इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठातील रोनाल्ड नॉरिश आणि त्यांचे शिष्य जॉर्ज पोर्टर यांनी. पोर्टर दुसऱ्या महायुद्धात नौदलात रडारचे काम करीत होते. तेथे विजेच्या अल्पकाळ टिकणाऱ्या ठोक्यांशी त्यांचा परिचय झाला होता. युद्धानंतर, १९४९च्या सुमारास, गुरुशिष्यांनी वायूवर प्रकाशाचा जबर झोत टाकून त्यातील रेणू फोडले आणि लगेच दुसरा झोत टाकून फुटलेल्या तुकड्यांचे काय होते ते नोंदविले. पहिल्या झोताने घटना सुरू करावयाची आणि दुसऱ्याने ती पाहावयाची, ही पद्धत येथे रूढ झाली. तीच आजतागायत चालू आहे. या कार्याबद्दल दोघांना जर्मनीच्या मानफ्रेड आयगेन यांच्यासमवेत १९६७चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. सेकंदाच्या हजाराव्या आणि पुढे दहा लाखाव्या भागापर्यंत माणसाची नजर पोहोचली.

यानंतर लेसरचे युग आले. प्रकाश पदार्थातून आपल्यासारखाच आणखी प्रकाश बाहेर काढू शकतो, हे आइनस्टाइनने १९१७ सालीच गणिताने दाखविले होते. त्यावरून प्रत्यक्ष लेसर बनविण्यास ४३ वर्षे लागली. १६ मे १९६० रोजी कॅलिफोर्नियातील मालिबू येथे थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीतून पहिला लेसर झोत काढला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात, तेहरान येथे जन्मलेले अली जावान आणि त्यांचे सहकारी यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत वायूपासून चालणारा पहिला लेसर तयार केला. साध्या दिव्याचा प्रकाश म्हणजे बाजारातली गर्दी. ज्याची त्याची चाल वेगळी. लेसरचा प्रकाश म्हणजे स्वातंत्र्यदिनाचे संचलन. सर्वांचे पाऊल एकाच वेळी पडते. अशा प्रकाशाच्या अनेक लहरी परस्परांशी जुळवून घेतल्या, की त्यातून अतिशय अल्पकाळाचे ठोके मिळतात. वर्षागणिक हे ठोके आखूड होत गेले.

येथे मोजमापाची थोडी उजळणी करणे इष्ट ठरेल. सेकंदाचा हजारावा भाग म्हणजे मिलिसेकंद, त्याचा हजारावा भाग मायक्रोसेकंद, मग नॅनोसेकंद, पिकोसेकंद, फेमटोसेकंद आणि शेवटी अ‍ॅटोसेकंद. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीच्या हजाराव्या भागाएवढी. एका सेकंदात जितके फेमटोसेकंद असतात, तितके सेकंद मोजावयास सुमारे ३ कोटी २० लाख वर्षे लागतील. आणि एका सेकंदात जितके अ‍ॅटोसेकंद असतात, त्याच्या निम्मे सेकंदसुद्धा विश्वाच्या आरंभापासून आजवर उलटलेले नाहीत. प्रकाश एका सेकंदात तीन लाख किलोमीटर जातो. पण एका अ‍ॅटोसेकंदात तो एखाददुसऱ्या अणूची रुंदी तेवढी ओलांडतो.

फेमटोसेकंदाच्या पायरीवर आपल्याला एक नाव भेटते, ज्याची माहिती आपल्या प्रत्येक घरात असावयास हवी. ते नाव डॉ. अहमद झेवैल यांचे. त्यांचा जन्म २६ फेब्रुवारी १९४६ रोजी इजिप्तमधील दमनहूर येथे झाला. बालपण जवळच्याच देसूक गावी गेले. लाकूड जळते म्हणजे नेमके काय होते हे पाहण्यासाठी या मुलाने आईचा कॉफी करावयाचा स्टोव्ह आणि काचेच्या काही नळ्या घेऊन आपल्या खोलीतच प्रयोग मांडला होता. घराला आग लागण्याचे तेवढे बाकी राहिले. घरच्यांनी त्याचा स्टोव्ह काढून घेतला काय, मला ठाऊक नाही. पण त्यांनी जे केले ते डॉ. झेवैल यांनी स्वतः नमूद केले आहे. त्यांच्या अभ्यासाच्या खोलीच्या दारावर घरच्यांनी एक पाटी लावली: "डॉ. अहमद". मुलगा अजून शाळेत होता.

अलेक्झांड्रिया विद्यापीठाची पदवी घेऊन झेवैल अमेरिकेला गेले, १९७४ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे डॉक्टर झाले आणि १९७६ पासून कॅलिफोर्नियातील कॅल्टेक संस्थेत काम करू लागले. रेणूतील दोन अणूंमधला बंध तुटतो म्हणजे काय होते, हा त्यांचा प्रश्न होता. रसायनशास्त्राच्या पुस्तकात आपण बाणाच्या एका बाजूस सुरुवातीचे पदार्थ लिहितो आणि दुसऱ्या बाजूस नंतरचे. त्या बाणामध्ये काय घडते? अणू इतक्या त्वरेने हलतात की ते कधी पाहता येईल असे कुणास वाटत नव्हते. झेवैल आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी एका लेसर ठोक्याने रेणूला धक्का दिला आणि दुसरा ठोका किंचित उशिराने पाठविला. हा उशीर घड्याळाने मोजता येत नाही. म्हणून दुसऱ्या ठोक्याला आरशांमार्फत थोडा लांबचा रस्ता दिला. आरसा केसाच्या जाडीहून कितीतरी कमी सरकविला, की काही फेमटोसेकंदांचा उशीर होतो. १९८७ साली त्यांनी आयोडीन आणि सायनाइड यांचा बंध तुटताना टिपला. त्याला सुमारे २०० फेमटोसेकंद लागले. १९९९चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना एकट्याला देण्यात आले. २ ऑगस्ट २०१६ रोजी त्यांचे निधन झाले.

आता तुम्ही म्हणाल, मग इलेक्ट्रॉन दिसला काय? नाही. झेवैल यांनी पाहिले ते अणू. इलेक्ट्रॉन त्याहून फार हलका. हायड्रोजनचे केंद्रक इलेक्ट्रॉनच्या सुमारे १,८३६ पट जड असते. हलकी वस्तू तेवढीच चपळ. हायड्रोजनच्या अणूचे पुस्तकातले जुने चित्र धरले, तर इलेक्ट्रॉनची एक फेरी सुमारे १५० अ‍ॅटोसेकंदांत पुरी होते. फेमटोसेकंदाच्या झोतात त्याचे चित्र काढू गेले, तर शर्यतीतल्या पायांप्रमाणे ते पुसटच येणार.

मग ठोका आणखी आखूड का करू नये? येथे एक भिंत आडवी येते. प्रकाश ही लहर आहे. तांबड्या प्रकाशाची एक लहर पुरी होण्यासच दोन फेमटोसेकंदांहून अधिक वेळ लागतो. एका लहरीपेक्षा आखूड ठोका तीच लहर कशी देणार? त्यासाठी फार आखूड लहरींचा, म्हणजे जंबुपार आणि क्ष-किरणांच्या बाजूचा प्रकाश हवा. आणि तोही अनेक लहरींचे पाऊल एकत्र पडेल असा. नेहमीच्या लेसरमधून तो निघत नव्हता. या भिंतीला दार सापडले ते भलत्याच बाजूला. ते शोधणारे लोक झोत आखूड करण्याच्या मागे नव्हतेच. झोत अतिशय प्रखर केला तर अणूचे काय होते, एवढेच ते पाहत होते.

याही कथेला जुनी मुळे आहेत. एकच इलेक्ट्रॉन प्रकाशाचे दोन कण एकदम गिळू शकतो, असे मारिया गोपर्ट या तरुण विदुषीने जर्मनीतील गटिंगेन येथे डॉक्टरेटच्या प्रबंधात मांडले. १९३१ साली ते प्रसिद्ध झाले. पण तेवढा प्रखर प्रकाशच जगात नव्हता. तीस वर्षांनी, लेसर आल्यावर, १९६१ साली ते प्रयोगाने सिद्ध झाले. पुढे १९७९ साली पॅरिसजवळच्या साक्ले येथील प्रयोगशाळेत पिएर अगोस्तिनी आणि सहकाऱ्यांना आढळले की प्रखर लेसरखाली इलेक्ट्रॉन अणूतून सुटण्यास लागतात त्याहूनही अधिक प्रकाशकण गिळतो. अगोस्तिनी यांचा जन्म १९४१ सालचा, ट्युनिस शहरातला.

त्याच साक्लेमध्ये १९८७ साली अ‍ॅन लुइलिए आणि त्यांचे सहकारी अवरक्त लेसरचा प्रखर झोत आर्गॉन वायूवर टाकून पाहत होते. तंबोऱ्याची तार छेडली, की मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे सूक्ष्म स्वरही उमटतात. जाणकार कानाला ते ऐकू येतात. पण जितका वरचा स्वर, तितका तो क्षीण. प्रकाशाचेही तसेच होईल, अशी सर्वांची अपेक्षा होती. वायूतून मूळ प्रकाशाच्या तिप्पट, पाचपट, सातपट कंपनांचा प्रकाश निघाला. पहिले काही स्वर अपेक्षेप्रमाणे क्षीण होत गेले. पण त्यानंतर क्षीण होणे थांबले! पुढचे स्वर जवळजवळ सारख्याच जोराने निघत राहिले, ते थेट ३३व्या पटीपर्यंत. डोंगर उतरताना मध्येच लांबच लांब सपाट माळ लागावा, तसा हा प्रकार होता. कारण कुणालाच सांगता येईना. लुइलिए यांनी ते यंत्राची चूक म्हणून सोडून दिले नाही. पुढची कित्येक वर्षे त्या याच माळावर फिरत राहिल्या. आधी फ्रान्समध्ये, मग स्वीडनमधील लुंड विद्यापीठात.

१९९३ साली कॅनडातील ओटावा येथील पॉल कॉर्कम यांनी याचे सोपे चित्र मांडले. उरसात रबराच्या दोरीला बांधलेला चेंडू मिळतो, तो डोळ्यांपुढे आणा. फेकला की लांब जातो, दोरी ताणली जाते आणि चेंडू सटकन हातावर आदळतो. प्रखर प्रकाशाची लहर अणूतून इलेक्ट्रॉन ओढून बाहेर काढते आणि दूर नेते. अर्धी लहर सरली, की ओढीची दिशा उलटते. इलेक्ट्रॉन माघारी वळतो आणि आपल्याच अणूवर येऊन आदळतो. वाटेत कमावलेली सर्व ऊर्जा तो प्रकाशाच्या एका अल्पशा ठिणगीच्या रूपाने टाकून देतो. या ठिणगीचा काळ अ‍ॅटोसेकंदांत मोजावयाचा असतो. जो आखूड ठोका लेसरमधून निघत नव्हता, तो अशा रीतीने इलेक्ट्रॉननेच काढून दिला.

हा झोत किती प्रखर असावा लागतो? दुपारच्या कडक उन्हात एका चौरस सेंटिमीटरवर वॅटचा जेमतेम दहावा भाग पडतो. या प्रयोगांत तेवढ्याच जागेस शंभर लाख कोटी वॅट या प्रमाणात प्रकाश एका सूक्ष्म बिंदूवर आणतात. तो टिकतो मात्र निमिषाच्या अत्यल्प अंशापुरताच, म्हणून प्रयोगशाळा जळून जात नाही. असे प्रखर झोत सुलभ झाले ते अमेरिकेतील रोचेस्टर विद्यापीठात जेरार मुरू आणि त्यांची विद्यार्थिनी डॉना स्ट्रिकलंड यांनी १९८५ साली काढलेल्या युक्तीमुळे. शाळा सुटल्यावर सर्व मुले एकदम दारात घुसली तर दार मोडेल. म्हणून आपण त्यांना रांगेने बाहेर सोडतो आणि ती पटांगणात पुन्हा गोळा होतात. तसेच या दोघांनी लेसरचा ठोका आधी लांबविला, लांबलेल्या स्थितीत बलवान केला आणि शेवटी पुन्हा आखूड केला. म्हणजे मधली उपकरणे मोडत नाहीत. २०१८ साली दोघांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

आखूड ठिणग्या निघत असाव्यात हे कळले. पण त्या मोजणार कशा? जगात त्याहून आखूड काही नव्हतेच. ही मोजणी २००१ साली साधली. फ्रान्समध्ये अगोस्तिनी यांच्या गटाने एकामागून एक येणारे, प्रत्येकी २५० अ‍ॅटोसेकंदांचे ठोके मोजले. ऑस्ट्रियातील व्हिएन्ना येथे हंगेरीत जन्मलेले फेरेन्क क्राउझ यांच्या गटाने ६५० अ‍ॅटोसेकंदांचा एकच ठोका वेगळा काढून दाखविला. १९८७ ते २००१. साक्लेतल्या त्या न उलगडलेल्या माळापासून येथवर येण्यास चौदा वर्षे लागली. आपली मुले पहिलीतून पदवीला पोहोचतात तेवढी.

नवे घड्याळ हाती आल्यावर जुनी गृहीते तपासली जाऊ लागली. प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन तत्क्षणी बाहेर पडतो, असे मानून चालत असत. २०१० साली क्राउझ यांच्या गटाने निऑनच्या अणूवर प्रयोग केला. दोन वेगळ्या जागांवरचे इलेक्ट्रॉन एकदम निघत नाहीत. एक दुसऱ्याहून सुमारे २१ अ‍ॅटोसेकंद मागाहून निघतो, असे आढळले.

रेणूंच्या बाबतीत तर त्याहून सुंदर गोष्ट घडली. माघारी येऊन आदळणारा इलेक्ट्रॉन आपल्या रेणूची खूणही सोबत आणतो, हे शास्त्रज्ञांच्या ध्यानात आले. म्हणजे रेणूचे चित्र त्याच्याच इलेक्ट्रॉनकडून काढून घ्यावयाचे! २००४ साली ओटावाच्या गटाने नायट्रोजनच्या रेणूतून निघणाऱ्या या प्रकाशावरून त्याच्या एका इलेक्ट्रॉन-मेघाचा आकार रेखाटला. २०१२ साली अमेरिकेतील ओहायो येथील गटाने, ज्यात अगोस्तिनीही होते, आदळून विखुरलेल्या इलेक्ट्रॉनांवरून ऑक्सिजनच्या रेणूतील दोन अणूंमधले अंतर पाच फेमटोसेकंदांत किती बदलले ते मोजले. आणि २०१४ साली इटलीतील मिलान येथे फेनिलअ‍ॅलनिन या रेणूतून अ‍ॅटोसेकंदाच्या ठोक्याने एक इलेक्ट्रॉन उडविण्यात आला. हा रेणू दूध, डाळी, अंडी अशा आपल्या रोजच्या अन्नातल्या प्रथिनांचा घटक आहे. इलेक्ट्रॉन गेल्याने रिकामी झालेली जागा स्थिर राहिली नाही. रेणूतला विद्युतभार सुमारे ४.३ फेमटोसेकंदांच्या तालात हेलकावे खात राहिला. अणू आपल्या जागेवरून नीट हललेही नव्हते, तोवर इलेक्ट्रॉनांची ही हालचाल घडूनही गेली होती.

आता त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर देता येईल. इलेक्ट्रॉन म्हणजे गोटीसारखी वस्तू आहे आणि ती कुणी डोळ्यांनी पाहिली, असे नव्हे. रेणूत तो पसरलेल्या मेघासारखा असतो. पण तो मेघ कधी हलतो, कोणीकडे सरकतो, किती वेळात परत येतो, याची मोजदाद माणसाने केली आहे. इतिहासात आपण अकबराला पाहिलेले नसते; फर्माने, नाणी आणि इमारती पाहिलेल्या असतात, आणि त्यांवरून बोलतो. इलेक्ट्रॉनच्या बाबतीत प्रकाशाच्या या ठिणग्या हेच आमचे दस्तऐवज.

काही पालक विचारतील, या खटाटोपाचा उपयोग काय? प्रश्न रास्त आहे. कष्टाच्या पैशाने मुले शिकविणाऱ्याने तो विचारलाच पाहिजे. तुम्ही हा लेख वाचत आहात, तो कशाच्या बळावर? कागदावरून आलेला प्रकाश डोळ्यातल्या एका रेणूवर पडतो आणि त्या रेणूचा आकार बदलतो. दृष्टीची ही पहिली पायरी सुमारे २०० फेमटोसेकंदांत घडते, हे अशाच लेसर ठोक्यांनी १९९१ साली मोजले गेले. झाडाचे पान ऊन पकडते, सौरपत्रा वीज देतो, तेथेही प्रथम हलतो तो इलेक्ट्रॉन. चष्म्याचा नंबर घालविण्याच्या शस्त्रक्रियेत आज फेमटोसेकंद लेसर वापरतात. तो स्ट्रिकलंड यांच्या युक्तीचाच प्रसाद होय. रक्ताच्या थेंबावर असे झोत टाकून रोगाची चाहूल घेता येईल काय, याचे संशोधन क्राउझ यांच्या गटाने हाती घेतलेले आहे. आणि हे सर्व दूरदेशीच चालते असे नाही. मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रखर लेसरखाली रेणूंचे काय होते याचा अभ्यास झालेला आहे. आपल्या गावाहून एस.टी. किंवा रेल्वेने गाठता येईल, एवढ्याच अंतरावर ते दार आहे.

तरीही उपयोगाचा हिशेब आरंभी मागितला असता, तर १९३१च्या प्रबंधाला आणि १९८७च्या त्या माळाला काय उत्तर देता आले असते? काहीच नाही. त्यावेळी त्यांच्याजवळ होता तो केवळ एक प्रश्न, आणि तो न सोडण्याची चिकाटी.

पालकहो, झेवैल हे नाव उच्चारताना आपला ऊर भरून येतो. येऊ द्या. पण एवढ्यावर थांबू नका. त्यांच्या यशात आपला वाटा नाही. त्यांच्या घरच्यांनी दारावर लावलेल्या पाटीत मात्र आपल्याला घेण्यासारखे बरेच आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी मुलांना वेगळी खोली नाही. हरकत नाही, भिंत तर आहे. त्या भिंतीवर मुलाचे नाव लिहा, आणि मुलीचेही लिहा. मी मुद्दाम मुलीचे म्हणतो. दहावीनंतर "कॉलेज लांब आहे", "सायन्स झेपायचं नाही", "एवढं शिकून करायचं काय" ही वाक्ये आमच्या शिक्षकांच्या खोलीत येऊन बोलणारे पालक बहुधा मुलींचेच असतात. या लेखात आलेली नावे पुन्हा मोजा. गोपर्ट, स्ट्रिकलंड, लुइलिए. या कथेतले तीन मोठे दरवाजे स्त्रियांनी उघडले आहेत. स्ट्रिकलंड यांनी तर तो विद्यार्थिदशेत उघडला.

शेवटी एकच प्रसंग सांगतो. ३ ऑक्टोबर २०२३ रोजी अगोस्तिनी, क्राउझ आणि लुइलिए यांना पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले. पदार्थविज्ञानासाठी हा मान मिळविणाऱ्या लुइलिए या पाचव्याच महिला. त्या दिवशी सकाळी त्या लुंड विद्यापीठात वर्गावर शिकवीत होत्या. फोनचा आवाज बंद होता. मधल्या सुट्टीत त्यांनी फोन पाहिला, तेव्हा त्यांना ही वार्ता कळली. त्यानंतर त्या वर्गात परत गेल्या आणि उरलेला तास पूर्ण केला.

हे वाचले तेव्हा मला माझा तो बदली तास आठवला. मला कुणाचा फोन आलेला नव्हता. माझ्यापुढे तपासावयाच्या चार वह्या होत्या, आणि त्यांच्यासाठी मी एका विद्यार्थिनीला खाली बसविले.

बेटी, तुझा प्रश्न परीक्षेत येत नाही, हे मी सांगितले ते खरे होते. पण ते उत्तर नव्हते. उत्तर वर लिहिले आहे, आणि तेही अपुरे आहे. तो मेघ मोठ्या रेणूत कसा हलतो, त्याला हवे तसे वळविता येईल काय, हे अजून शोधले जात आहे. ते तू शोधशील की आणखी कुणी, हे मी सांगू शकत नाही. माझ्या हाती एवढेच आहे की पुढच्या वेळी वर्गात कुणी असा हात वर केला, तर मी वह्या बाजूला ठेवीन.